दोन लिटरचा कुकर

शारजा, मार्च २००९, शुक्रवार

आज जेवायला गेलो तिथे सगळ्यांसमोर पुन्हा तोंड वर करून सांगितलं, बार्बाडोसची नोकरी म्हणजे प्रमोशन. इथून काढलंय, हे कशाला सांगायचं? वर म्हणालो, "तिघंही जातोय, समुद्राकाठी घर!" सई लगेच, "बाबा, विल आय गेट माय ओन रूम?" मी म्हटलं, "ऑफकोर्स."

बार्बाडोसच्या ऑफिसातल्या माणसाने परवाच फोनवर सांगितलंय, बेटावर दूध, तांदूळ, कांदे, बहुतेक सगळं बोटीने येतं. दूध इथल्या दुप्पट. घरभाडं वेगळंच. दिरहॅममध्ये करून पाहिलं, रुपयांत करून पाहिलं. त्या पगारात तिघांचं भागत नाही. एकट्याचं भागेल. नीताला कसं सांगू?

परत येताना ती रोल्लाच्या बाजारात उतरली. बेटावर चांगला कुकर मिळेल न मिळेल, म्हणून इथूनच घ्यायचा होता. पार्किंगचं निमित्त करून मी गाडीतच बसलो. ही बिचारी तिकडचं स्वयंपाकघर मांडतेय आणि मी गप्प! स्वतःचीच लाज वाटली.

घरी आल्यावर खोकं उघडलं. कुकर दोन लिटरचा. आमचा रोजचा पाचाचा. म्हटलं, "अगं, एवढ्याशात तिघांचं कसं होणार?"

ती झाकणाला रिंग बसवून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी घाल. तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर. विसरशील."