तुझ्यामागं कुणाशी बोलू

रहिमतपूर,
१ एप्रिल २०२५

चि. दीपमालास तुझ्या आक्काचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

गळ्याच्या ऑपरेशनला सहा महिने झाले. आवाज गेला तो गेलाच, पाटीवर लिहून संसार चाललाय. घरातल्या दोन मोबाईलपैकी एक ह्यांचा, एक साक्षीचा, म्हणून मनातलं पत्रातच लिहिते.

साक्षीचं लग्न तीस तारखेला. पाठवणीचं गाणं आईनं म्हणायचं आणि शेवटी लेकीसाठी स्वतः जोडलेली एक ओळ घालायची, ही आपल्या माहेरची रीत. माझा गळाच नाही, म्हणून गाणं नको, असं मी पाटीवर लिहून दिलं. त्या दिवशी जेवले नाही.

पुढचं ऐक. तुझे लालासाहेब दाजी महिनाभर रोज दुपारी ऊस बघायला जातात. बावीस वर्षं मिलिटरीत काढलेला माणूस, कधी आरतीला तोंड उघडलं नाही! परवा मी मागोमाग गेले, तर हे उसात फोन कानाला लावून गात होते, "तुझ्यामागं या घरात कुणाशी मी बोलू गं?" मला बघताच फोन खिशात. बायको मुकी झाली, आता बोलायला दुसरी शोधली असणार. जीव जळतोय बघ.

तुझी आक्का

माधवनगर,
८ एप्रिल

ती. आक्कास दीपमालाचा वाकून नमस्कार.

आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. साठीच्या माणसाला विहिरीच्या कट्ट्यावर बसून चार ओळी म्हणाव्या वाटल्या तर म्हणू दे की. फोन मात्र तपासू नकोस, माझी शपथ आहे. पायाचं प्लास्टर महिनाभर निघत नाही, लग्न चुकणार म्हणून मीही रडून घेतलं.

लोभ आटू देऊ नकोस.
दीपमाला

रहिमतपूर,
१४ एप्रिल

दीपमालास,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. मी फक्त "उसात" एवढंच लिहिलं होतं. विहिरीचा कट्टा तुला कुणी सांगितला? शपथ मोडून फोन बघितला. रोज दुपारी तुझाच नंबर, अर्धा-अर्धा तास. माझी पाठची बहीण! लेक सासरी गेली की मीही या घरातून निघणार.

हरणाबाई

रहिमतपूर,
२ मे

चि. दीपमाला, तुला आणि तुझ्या मोडक्या पायाला, दोघांना आशीर्वाद.

तुझ्यावर नको तो आळ घेतला, तरी त्यांचं गुपित राखायला तू उत्तर लिहिलं नाहीस, माफ कर.

साक्षी गाडीत बसली आणि हे पुढं झाले. पुरुषमाणूस पाठवणीचं गाणं म्हणतोय म्हणून वऱ्हाडी हसले. आपल्या आईचं गाणं, तू फोनवर शिकवलेलं! शेवटी त्यांनी स्वतः जोडलेली ओळ आली, "साक्षे, तुझ्यामागं या घरात कुणाशी मी बोलू गं." मग कुणी हसलं नाही. साक्षी गाडीतून उतरून त्यांच्या गळ्यात पडली. मी लेकीसाठी किती रडले आणि लाजेनं किती, माझं मलाच ठाऊक नाही.

मांडव रिकामा झाल्यावर म्हणाले, गाणं नको असं लिहून तू उपाशी झोपलीस, ते मला बघवलं नाही. मग खाली बघत बसले. आता खरंच कुणाशी बोलायचं, म्हणाले. मी पाटी घेतली, "माझ्याशी" असं लिहिलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

चष्मा लावून किती तरी वेळ वाचत होते. दोन दिवस झाले, ती पाटी पुसू देत नाहीत. मला आता दुसरी आणावी लागणार.

रागावलीस तरी माया सोडू नकोस.
तुझीच आक्का