निघताना दिलेला कोट

ती. आईस आणि आप्पांना, दुरूनच पण वाकून नमस्कार.

मी बरी आहे, पोटभर जेवते. मनाला लागेल ते आधीच सांगते: या महिन्यात माझं येणं होत नाही. लढाई लांबली, आमच्या लष्करी दवाखान्याचा इथला मुक्काम चार महिने वाढला, आणि देशातून आणखी तुकड्याही आल्या.

इथली रीत अशी, की घरी निघालेल्यानं आपला गरम कोट नव्या माणसाला द्यायचा. आमच्या मोठ्या सिस्टरांनी आदल्याच दिवशी दिला होता. मुक्काम वाढल्याचा हुकूम कळताच ती नवी नर्स कोट परत घेऊन आली.

"ठेव गं! मला माझी चरबी पुरते," सिस्टर म्हणाल्या.

आम्ही सगळ्या हसलो. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आलेत. तरी दोन सदरे चढवून त्या जखमींच्या खाटांकडे गेल्यासुद्धा. अशा माणसांच्या हाताखाली काम करायला मिळतं, म्हणून शिकल्याचं सार्थक झालं असं वाटतं.

आप्पांचा खोकला कसा आहे? खरं कळवा.

आई, तू विणलेला स्वेटर मीही देऊन बसले होते. परत मागायला जीभ रेटेना. दुसरा विणायला घे. हात कामात असले की तुझ्या मनात वाईटसाईट येत नाही. माझंही तसंच आहे.

तुमची,
थोरली