२९४ ची जागा

९ जानेवारी, ओउलु

पुन्हा तेच! संगणकाच्या कर्नलला नवा सिस्टीम कॉल दिला, सगळ्या चिपांच्या तक्त्यांत लिहिला — आणि म्हातारा रेइयो एकटाच सांभाळतो त्या जुनाट चिपचा तक्ता राहिला. दर वेळी तोच राहतो.

आईने फोनवर विचारलं, नक्की करतेस काय? सांगितलं — प्रोग्रॅम कर्नलकडे, म्हणजे संगणकाच्या गाभ्याकडे, काम मागतो ते आकडा सांगून, हाच सिस्टीम कॉल; आणि प्रत्येक चिपचा आकड्यांचा तक्ता वेगळा. "मग एकच करा की!" म्हणाली. तेच करतेय, बाई.

१४ जानेवारी

ब्रेमेनहून माझा सहकारी यॉर्न: "त्या म्हाताऱ्याची चिपच कर्नलमधून काढून टाक ना. एक माणूस, एक यंत्र!"

नाही काढणार. तक्ता सामायिक झाला की रेइयोचं ओझं कमी होईल, चिप टिकेल. जुने आकडे ज्याचे त्याच्याकडे, नवे कॉल सगळीकडे एकाच आकड्यावर.

२ फेब्रुवारी

रेइयोच्या यंत्रावर सगळं कोलमडलं. चूक माझीच. २९४ त्याच्या तक्त्यात रिकामा दिसला, मी तिथे नवा कॉल बसवला. त्याचा हवामान केंद्रातला जुना प्रोग्रॅम आधी २९४ मागतो, "नाही" ऐकतो आणि मग दुसऱ्या वाटेने जातो. या वेळी त्याला "हो" मिळालं आणि तो नको त्या वाटेला लागला!

रेइयोचा एका ओळीचा मेल: "पोरी, जागा रिकामी दिसली म्हणून बसायचं नसतं."

चालता प्रोग्रॅम मोडायचा नाही, हा आमच्यातला पहिला धडा. लाज वाटली.

८ फेब्रुवारी

२९४ ची जागा सगळ्याच चिपांसाठी रिकामी ठेवली. यॉर्न भडकला: "एका म्हाताऱ्यापायी अख्ख्या जगाने जागा अडवायची?" अडवायची!

२१ फेब्रुवारी

केमी गावी रेइयोकडे जाऊन आले. कॉफी, त्याने स्वतः भाजलेला पुल्ला, इथला गोड पाव — खालून करपलेला. यंत्र स्वयंपाकघरात, खिडकीपाशी. पडद्यावर: "उणे एकोणीस. टोपी घाल, रेइयो!"

"हवामान केंद्राची बाकी यंत्रं कुठे आहेत?" मी विचारलं.

"केंद्र कधीच बंद झालं. हा प्रोग्रॅम हेल्वीने, माझ्या बायकोने लिहिलेला. गेल्या शरदात गेली ती." मग म्हणाला, "घरात टोपीवरून ओरडायची तेव्हा कटकट वाटायची बघ."

मी अजून एक पुल्ला खाल्ला. रात्री यॉर्नला सगळं लिहून कळवलं.

१ मार्च

तक्ता मुख्य कर्नलमध्ये गेला. रेइयोची चिपही त्यात. त्याने लिहिलं, "माझ्या यंत्रावर तपासलं. चालतं." जिंकले!

११ एप्रिल

रेइयोने स्वतःची चिप कर्नलमधून काढायचा बदल पाठवलाय. सगळीच्या सगळी. खाली लिहिलंय: "आज पारा शून्याच्या वर गेला. पडद्यावर आलं, 'टोपी राहू दे.' मग यंत्र बंद केलं. २९४ आता कुणालाही द्या."

त्याखाली यॉर्नचं उत्तर: "नको. राहू दे रिकामी."