एकाच बाटलीतला घोट

ग्रीन बे,
२८ सप्टेंबर २०२०

चि. ओदील हिस,
नॉर्बर्टचे अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तुला ओरडायचा कंटाळा, म्हणून हे कागदाचंच बरं.

आपला संघ तिन्ही सामने जिंकला. पण यंदाच्या फुटबॉलला काही चव नाही बघ. स्टेडियम रिकामं, आणि गर्दीचा आवाज मात्र टेपवर लावतात. वऱ्हाड आलंच नाही आणि बँड वाजतोय, तसं वाटतं. काही गावांत तर खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं बसवलीत. मी चाळीस वर्षं कागद गिरणीत काढली, पुठ्ठा ओरडत नसतो एवढं मला कळतं. प्रशिक्षकांचे मास्क हनुवटीवर. एका संघाचा भलादांडगा गडी तर आईला दमा आहे म्हणून वर्षभर घरी बसलाय म्हणे. मी विल्फ्रेडदादाला म्हटलं, भित्रा लेकाचा! दादा म्हणाला की तू एक दिवस त्याच्यासमोर उभा राहून दाखव, मग बोल.

दादा आणि मी दर सामन्याला माझ्या गॅरेजमध्येच बसतो. पहिल्या सामन्याला सवयीनं बाबांची ब्रँडीची चपटी बाटली काढली आणि आपल्या गड्यानं चेंडू रेषेपार नेला की, दर टचडाउनला, आधी मी एक घोट घेतला, मग दादानं. साथीचं भान आलं तोवर सामना जिंकला होता. जिंकून देणारा हा रिवाज आता मोडता कसा येईल? त्याच खुर्च्या, तेच न धुतलेले सदरे, तीच बाटली. अदेलीन वहिनी म्हणते, म्हातारे झालात पण अक्कल आली नाही. तू हसशील, पण तूही लहानपणी उलटी टोपी घालून बसायचीस.

तिकडच्या उन्हात जप. लोभ आहेच, तो उतू जाऊ देऊ नकोस.

तुझा,
नॉर्बर्ट


टूसॉन,
१४ ऑक्टोबर २०२०

ती. नॉर्बर्टभाऊ यांस,
सा. न. वि. वि. विल्फ्रेडदादाला दवाखान्यात ठेवल्याचं वहिनीनं कळवलं. गिरणीच्या धुळीनं त्याची छाती आधीच अर्धी झालेली, त्यात हे. आत कोणालाच सोडत नाहीत. ती रोज गाडी घेऊन जाते आणि खालून खिडक्या मोजत त्याची कुठली ते बघत बसते, असं म्हणाली.

ती म्हणते की हे त्रिनानंच घरात आणलं. सून म्हणून आधीपासून तिच्या मनात भरली नव्हतीच, त्यात त्रिना किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसते, दिवसाला शंभर माणसांशी गाठ. वहिनीनं तिला सांगितलंय की तू आणि पोरं दाराशीसुद्धा यायचं नाही. मी विचारलं, नॉर्बर्टभाऊ तर नव्हता ना आजारी? ती म्हणाली, त्याला मी सगळ्यात आधी विचारलं, तो ठणठणीत आहे.

भाऊ, तू खरंच बरा आहेस ना? दोन ओळी तरी लगेच लिही.

तुझी,
ओदील


ग्रीन बे,
२१ ऑक्टोबर २०२०

चि. ओदील हिस,
अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. काळजी नको.

दादाच्या नाकात नळी आहे, पण काल जेली खाल्ली म्हणे. रविवारी आपण हरलो. मी एकटाच बसलो होतो. या मंडळाला काही कळत नाही, अशा साथीत सामने खेळवतातच कशाला? सगळं पैशासाठी. टेपवरची गर्दी चुकीच्या वेळी ओरडत होती, आपला माणूस पडला तरी जल्लोष.

त्रिनानंही जपायला हवं होतं. दुकानातली नोकरी म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. अर्थात मी कोण बोलणारा.

इकडे थंडी लवकर पडली. जास्त काय लिहू. माया राहू दे.

नॉर्बर्ट


टूसॉन,
२ नोव्हेंबर २०२०

ती. नॉर्बर्टभाऊ यांस,
सा. न. वि. वि. काल त्रिनाचा फोन आला. रडत नव्हती, ते मला जास्त लागलं. तिनं दोनदा तपासणी करून घेतली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. तो कागद वहिनीच्या दारात ठेवला तर वहिनीनं चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकला. धाकटा विचारतो की आपण आजोबांना मारतोय का. सात वर्षांचं पोर आहे, भाऊ. दादा घरी येईल, थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापली जाईल, आणि हे लोक घरी बसून राहतील.

तुझं मागचं पत्र मी तीनदा वाचलं. मंडळाला शिव्या देताना तुझं अक्षर नेहमी टपोरं होतं. या वेळी ते मुंगीएवढं झालंय. तुला काही सांगायचं आहे का?

तुझी,
ओदील


ग्रीन बे,
८ नोव्हेंबर २०२०

चि. ओदील हिस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

चौथ्या सामन्याच्या आधी दोन दिवस मला खोकला होता. अंगात कसर होती. शेजारणीनं दिलेलं बूया, आपलं ते कोंबडीचं कढण, खाल्लं तर नुसतं गरम पाणी वाटलं. काय झालंय ते मला कळलं होतं. कळलं नाही असं म्हणणार नाही.

पण आपण तीन सामने जिंकलो होतो. मी नाही बसलो आणि हरलो तर, एवढंच डोक्यात. दादाला नको म्हणावं तर तो विचारणार का, आणि खरं सांगितलं तर तोच म्हणणार की घरी बस. म्हणून औषध प्यालो, खिशात खोकल्याच्या गोळ्या भरल्या आणि दार उघडलं. त्या दिवशी चार टचडाउन झाले. चारही वेळा आधी मी, मग दादा. एकदा तर तो म्हणाला, ब्रँडीला आज पुदिन्याचा वास येतोय. मी म्हटलं, तुझं नाक म्हातारं झालं. तो हसला आणि प्याला.

वहिनीनं फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी ठणठणीत आहे, साधी शिंकसुद्धा नाही. तपासणी मी केलीच नाही. त्यानंतर ती त्रिनाकडे वळली आणि मी गप्प बसलो. उलट तुला लिहिलं की तिनं जपायला हवं होतं.

तो गडी आईसाठी घरी बसला. मी त्याला भित्रा म्हणालो. आता त्याचा चेहरा टीव्हीवर दाखवतात तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जातो.

हे वाचून पत्र फाडून टाक. वहिनीला कळवू नकोस, एवढी भीक घाल.

नॉर्बर्ट


टूसॉन,
१४ नोव्हेंबर २०२०

भाऊ,
पत्र फाडलं नाही. वहिनीला मी कळवणार नाही, कारण ते तू सांगायचं आहेस. पत्रानं नाही, तिच्या दारात जाऊन. दादा बुधवारी घरी येतोय. थँक्सगिव्हिंगच्या आत झालं नाही तर पुढचं पत्र मी त्रिनाला लिहीन.

ओदील


ग्रीन बे,
२७ नोव्हेंबर २०२०

चि. ओदील हिस,
रविवारी गेलो. सामना चालू होता, मी लावला नव्हता. वहिनीनं दार उघडलं नाही, थंडीच्या दुहेरी काचेआड उभी राहिली, हातात भांडी पुसायचं फडकं. मी आवारात उभा राहून सांगितलं. घरून बरंच ठरवून गेलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं की रोग मी आणला, मी खोकत होतो, तुला खोटं सांगितलं, त्रिनाचा काही दोष नाही. तिनं कानाला हात लावून खूण केली, ऐकू येत नाही. मी परत सांगितलं. परत तीच खूण. तिसऱ्या खेपेला मी ओरडलो. समोरचा माणूस पानं गोळा करत होता, तो थांबला. कुत्रं घेऊन चाललेल्या दोन बायका थांबल्या. सबंध गल्लीनं ऐकलं.

दादा आत खुर्चीत होता, नळी लावून. त्याला पहिल्या खेपेलाच ऐकू गेलं असावं, कारण तेव्हापासून त्यानं मान वर केली नाही. वहिनीनं पडदा ओढला.

काल सणाला मला बोलावणं नव्हतं. नसावंच. तरी गाडी काढून त्या रस्त्यानं गेलो. दारात त्रिनाची गाडी होती, पायरीवर पोरांचे बूट. बघून लगेच निघणार होतो, तेवढ्यात त्रिना कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली. मी काच खाली केली. तिनं मला ओळखलं, खिशातून मास्क काढला, तोंडावर चढवला आणि मी जाईपर्यंत लांब तिथंच उभी राहिली.

तेव्हा लक्षात आलं की माझं तोंड उघडंच होतं. मग मीही लावला. गाडीत एकटाच होतो, तरी घरी पोचेपर्यंत काढला नाही.

लोभ ठेव असं सांगायला मला तोंड नाही. ठेवलास तर दोन ओळींनी कळव.

नॉर्बर्ट