सर्व विद्यार्थ्यांना एक मेल

८ सप्टेंबर, सोमवार
विद्यापीठात येऊन महिना झाला. आज कॉम्प्युटर लॅबचं लॉगिन मिळालं. वापराचे नियम नऊ पानं. न वाचता 'मान्य' दाबलं. नियम काय, चांगल्या माणसाला उपजतच कळतात.
अकरा नंबरचं मशीन धरलं. रोज चार तास अभ्यास. मित्र आपोआप जमतील.

११ सप्टेंबर, गुरुवार
बारा नंबरवर एक चष्मेवाली बसते. आज स्वतःहून बोलली. म्हणाली, "तुमचा हेडफोन नीट लागला नाहीये. सगळ्यांना ऐकू येतंय."
ओळख झाली म्हणायला हरकत नाही.
अभ्यास: उद्यापासून.

१५ सप्टेंबर, सोमवार
चष्मेवाली खिडकीजवळच्या मशीनवर गेली. उजेडासाठी असणार.
आईचा फोन. मित्र झाले का? म्हटलं, सहा जणांचा ग्रुप आहे. नावं सांग, म्हणाली. दोन सांगितली. तिसरं सुचेना, तेव्हा रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

१७ सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळ.
खोटं बोलायचं कशाला? ग्रुप काढूच की! मेलमध्ये 'सर्व विद्यार्थी' असा एक पत्ताच सापडला. सहा हजार जण! लिहिलं: अभ्यासमंडळ, शुक्रवारी चार वाजता, कॅन्टीन. ओळखायला सोपं जावं म्हणून माझा फोटो जोडला. चांगला मोठा.
पाठवला. आता गर्दी आवरायची कशी, ही चिंता.

१८ सप्टेंबर, गुरुवार
मेल बंद. माझं लॉगिनही होईना. एवढा प्रतिसाद अपेक्षित नव्हता.
चष्मेवाली खिडकीशी रडत होती. बारापर्यंत प्रबंध पाठवायचा होता, जात नव्हता. मी धीर दिला. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तो फोटो तुमचाच ना?" म्हणाली.
मी हो म्हणालो. ती उठून बाहेर गेली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी दोन.
लॅबच्या मॅडमनी बोलावलं. ओरडल्या नाहीत, तेच वाईट. तुमच्या फोटोने सगळ्यांचा मेल तुंबला, म्हणाल्या. वीस जणांचे प्रबंध अडकले, मुदत वाढवून घ्यावी लागली. माझं खातं महिनाभर बंद.
मी माफी मागितली. मग विचारलं, उत्तरं किती आली?
त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. "एक."
मी खुर्चीतून उठलोच.
"बसा. ते आपोआप गेलेलं उत्तर आहे. तो विद्यार्थी रजेवर आहे."
तरी मॅडमच म्हणाल्या, तुंबण्याआधी मेल दोनशे जणांनाच पोचला होता. बाकीच्यांनी नकार दिला, असं कसं म्हणायचं?

त्याच दिवशी, सहा वाजता.
चारला कॅन्टीनमध्ये दोन टेबलं जोडली. भोवती आठ खुर्च्या. मध्ये बसलो.
सव्वाचारला एक जण आला. हसला. "इथे कुणी बसलंय का?" मी म्हटलं, नाही, या ना. "थँक्स," म्हणाला आणि खुर्ची उचलून आपल्या मित्रांकडे घेऊन गेला.
मग एक मुलगी आली. मग दोघे जण. पाच वाजेपर्यंत सात खुर्च्या गेल्या.
सगळ्यांनी अगदी नीट विचारलं, कुणी येणार आहे का म्हणून. त्या मुलीला आणि दोघांना हो म्हणालो, तरी घेऊन जा म्हटलं.
नंतरच्यांना खरं सांगितलं.