अप्पांचा ब्रेक उशिरा लागतो

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा फाटकाला गाडी घासली! अप्पा म्हणतात, "फाटकच पुढे आलंय." बत्तीस वर्षं बस चालवलेला बाप — त्याला मुलीने काय सांगायचं? वय एक्काहत्तर. लायसन्सची मुदत संपतेय, अठ्ठावीसला परीक्षा. धाकट्या भावाचा सकाळीच फोन — "ताई, काहीही कर, पण त्यांना थांबव. उद्या कुणाला उडवलं म्हणजे?" थांबव म्हणे! लांबून बोलायला काय जातं?

लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना दिवसभर तेच डोक्यात. एक चिठ्ठी चुकलीच. वेळीच दिसली म्हणून बरं.

५ नोव्हेंबर

लेक हॉस्टेलला गेल्यापासून तिचा गेमचा कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. आज अप्पांनी तो पुसला. स्टिअरिंग आहे, पायाशी पेडल आहेत. शहरातल्या रस्त्यांवरून गाडी चालवायचा खेळ. "परीक्षेचा सराव करतो," म्हणाले. खुर्ची पुढे ओढली, आरसा नीट करायला हात वर नेला — आरसा कुठला असायला! दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

८ नोव्हेंबर

"अगं, वळण घेतलं की रस्ता मधूनच फाटतो! विजेचा खांब वर एकीकडे, खाली दुसरीकडे." बघितलं, तर खरंच. चित्रात आडवी चीर. अप्पांचं डोकं दुखायला लागलं.

लेकीला फोन केला. "आई, त्याला टेअरिंग म्हणतात. एक चित्र दाखवून पुरं व्हायच्या आत दुसरं येतं, म्हणून अर्धं जुनं, अर्धं नवं दिसतं. व्ही-सिंक चालू कर. मग नवं चित्र आपली पाळी येईपर्यंत थांबतं." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पण आपलं मशीन जुनं आहे. स्टिअरिंग फिरवलं की गाडी जरा उशिराच वळेल. आजोबांना सांगून ठेव हं."

चालू केलं. रस्ता अखंड! अप्पा खूश. पुढचं सांगायचं राहून गेलं. तेव्हा खरंच राहून गेलं.

१० नोव्हेंबर

खेळात नऊ धडका.

११ नोव्हेंबर

बारा. अप्पांनी खेळ थांबवला आणि हातांकडे बघत बसले. मुठी मिटल्या, उघडल्या. "ब्रेक वेळेवर दाबतो गं मी. लागतो उशिरा."

आत्ता सांगावं, आत्ता — असं म्हणता म्हणता तोंडातून निघालं, "दमला असाल, अप्पा."

हे मी म्हणाले!

१३ नोव्हेंबर

भावाला सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. तो म्हणतो, "मग झालंच की ताई! सापही मेला, काठीही तुटली नाही. तू फक्त गप्प राहा."

साप म्हणे. बापाला!

पण गप्प राहिले. शाळा सुटायच्या वेळी अप्पा गाडी घेऊन बाहेर पडले की ते परतेपर्यंत माझे डोळे घड्याळावर असतात, ती भीतीही खोटी नाही. स्वतःला हेच बजावत बसले.

१६ नोव्हेंबर

अप्पांनी दाढी केली नाही. "वस्तरा नको. हाताचा भरवसा राहिला नाही."

मग हळूच, मी जेवणाचा डबा धूत असताना मागे येऊन — "तुमच्या त्या लॅबमध्ये कंपवात कळतो का गं? रक्तात?"

"नाही कळत," म्हटलं. मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

१९ नोव्हेंबर

"उद्या अर्ज मागे घेतो. गाडीला गिऱ्हाईक बघा." जेवताना म्हणाले. मला हवं होतं तेच. ताट तसंच उचललं. जिना उतरतानासुद्धा आता कठडा धरतात. पाय तर मी बिघडवले नव्हते!

२० नोव्हेंबर

सांगितलं. कामाला जायच्या आधीच, चप्पल पायात घालून — म्हणजे पळता येईल! व्ही-सिंक बंद केलं, म्हटलं, "अप्पा, चालवून बघा."

एक फेरी मारली. दुसरी मारली. चीर पुन्हा दिसत होती. धडक एकच. अप्पा स्टिअरिंग सोडेनात.

"हे कशाने झालं?"

सगळं सांगितलं. भावाचं नाव घेतलं नाही. पाप माझंच.

"किती दिवस?"

"बारा."

"बारा दिवस मी माझ्या हातांना शिव्या घालतोय." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. पडद्याकडे बघतच म्हणाले, "फाटकं दिसलं तरी चालेल गं. पण वेळेवर दिसू दे."

२१ नोव्हेंबर

अबोला. दाढी मात्र केली.

२४ नोव्हेंबर

दिवसभरात माझ्याशी एकच शब्द — "मीठ."

२७ नोव्हेंबर

उद्या परीक्षा. "तू येऊ नकोस," म्हणाले. भाऊ फोनवर तणतणला — "पास झाले आणि कुणाचा जीव घेतला, तर तो तुझ्या माथी!" मी फोन ठेवून दिला. कारण हेच मलाही वाटतंय. हात चांगले आहेत, हे मीच त्यांना पटवून दिलं. आता फाटक घासलं होतं ते कशाने, हे कोण सांगणार?

२८ नोव्हेंबर

गाडीच्या फेरीत पास! साडेअकराला फोन. हुश्श करायच्या आत पुढचं — "डोळे तपासले. त्या यंत्रात बाजूला दिवे लागतात म्हणे. मला दिसलेच नाहीत. आजच मोठ्या डॉक्टरकडे जा म्हणतात. तू ये गं."

नळ्या तशाच टाकून धावले.

२९ नोव्हेंबर

काचबिंदू. डावा डोळा बराचसा गेलाय. उजवा औषधाच्या थेंबांवर टिकेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दुखत नाही, म्हणून कळत नाही. आणखी वर्षभर आला नसतात, तर उजवाही गेला असता." लायसन्स अर्थातच नाही. अप्पांनी बाहेर येऊन चावी माझ्या हातात दिली. "चल, घरी ने."

मी गप्प राहिले असते, तर अप्पा अर्ज मागे घेऊन घरीच बसले असते.