तुझं नाव तेवढं राहिलं

लाडके व्हर्डी,

थोरल्या बहिणीचा वॉशिंग्टनहून भरभरून आशीर्वाद. गुडघा बरा आहे, मक्याचा पाव मात्र इथे गोडमिट्ट करतात. कोंबडी अंड्यांवर बसली का?

काल इथल्या संसदेच्या समितीपुढे बोलले बाई मी. न्याय खात्याचा साहेब म्हणाला, "मतदान केंद्राबाहेर बंदूकवाले होते, पण कुणी मतदार घाबरून परतल्याची लेखी तक्रार नाही, म्हणून प्रकरण बंद केलं."

म्हटलं, "बाळा, घाबरलेलं माणूस लिहून देतं होय?"

तेवढ्यात लाल दिवा लागला, माझी पाच मिनिटं संपली. एका सभासद बाईने स्वतःची वेळ मला दिली. "बोला, आजी."

सांगितलं, माझी बहीण केंद्राच्या दारातून परतली. नाव नाही सांगितलं. ते तू सांगायचंस.

तक्रारीचा कोरा कागद घेऊन रविवारी येते. चष्मा पुसून ठेव.

तुझीच,
ओझेला